मोहन धुरीचा कान

मोहन धुरीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चार पायांवर होता. घाटकोपरला पंतनगरच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुखांच्या हॉलमध्ये. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत, जिथे माणसाने बसायचं, तिथे त्याने सबवूफरचा, म्हणजे नुसता जाडा, खालचा आवाज काढणाऱ्या स्पीकरचा, काळा डबा बसवला होता, आणि हा पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला गृहस्थ फरशीवर गुडघे टेकून भिंतीच्या कडेने रांगत होता. मध्येच थांबायचा, मान तिरकी करायचा, कान जमिनीपासून वीतभर उंचीवर धरायचा आणि पुढे सरकायचा. डब्यातून घूं घूं असा एकच जाडा आवाज चालू. देशमुखवहिनी हातात लाटणं घेऊन बघत उभ्या.

"माणूस बसतो तिथे डबा ठेवायचा," ओळख ना पाळख, रांगता रांगताच तो मला म्हणाला, "आणि डब्याची जागा माणसाने शोधायची. जिथे बास फुगत नाही आणि तुटत नाही, तिथे डबा. भिंत सांगते रे सगळं. आपण फक्त विचारायचं."

भिंतीने चपलांच्या कपाटाशेजारची जागा सांगितली. डबा तिथे गेला. चार महिने ज्या आवाजाने वहिनींचं डोकं उठत होतं, तो आवाज एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. "अगोबाई!" वहिनी म्हणाल्या. "नंदूभावोजी, तुम्ही तर म्हणाला होतात, कोपऱ्यातच ठेवायचा असतो!" त्या सहज बोलल्या. मीही हसलो. ते हसू अजून आठवतं, कारण त्यात काही खरं नव्हतं.

तो स्पीकरचा सेट मी निवडून दिला होता. मी एका ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करतो. वीस वर्षं आमच्या इमारतीत कोणीही काही घ्यायचं ठरवलं, प्रिंटर असो की की-बोर्ड, तर आधी मला विचारायचे. मी माहिती काढायचो, कागदावर तक्ता करायचो. मी बोलतो कमी. लोक त्याला सज्जनपणा समजतात, आणि मी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

धुरी शेजारच्या इमारतीत भाड्याने राहायला आला होता. एकटाच. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. हा साकीनाक्याला एका गाळ्यात फाटलेले स्पीकर दुरुस्त करायचा. स्पीकरच्या तोंडावरचा जुना कागदी कोन काढायचा, कॉइल बदलायची, नवा कोन चिकटवायचा, आणि मग वाजवून बघायचं. तीस वर्षं रोज हेच. पुस्तकं वाचून नाही, तर वाजवून वाजवून त्याचा कान तयार झाला होता, असं तो स्वतःच सांगायचा. बोलायचा मुंबईची मराठी, पण आनंद झाला किंवा राग आला की मालवणीत घसरायचा.

कोणाच्याही घरी गेला की आधी चपला काढायचा, मग खोलीच्या मधोमध उभा राहून एकदा टाळी वाजवायचा. यजमान दचकायचे. "खोलीची ओळख करून घेतो," तो म्हणायचा. "तुमची नंतर." खुर्ची दिली तरी खाली बसायचा. चहा बिनसाखरेचा. खिशात एक जुना फोन होता, त्यात त्याच्या गावच्या जत्रेतलं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग. ढोल, मागे बायकांची कुजबुज, आणि मध्येच एका म्हाताऱ्याचा खोकला. कुठलाही स्पीकर तो या खोकल्यावर तपासायचा. "ढोल काय, पत्र्याचा डबाही वाजवील," तो म्हणायचा. "खोकलो छातीतसून येवक होयो. बालदीतसून नाय."

वर्षभरात इमारतीतले लोक त्याला विचारायला लागले. मला सोडून नव्हे, हे तर अधिकच वाईट. आधी मला विचारायचे आणि मग 'धुरींनाही एकदा दाखवून घेऊ' म्हणायचे. एकदा सगळ्यांसमोर त्याने माझा तक्ता हातात घेतला. वॅट, इंच, सगळं मी ओळीने लिहिलं होतं. त्याने तो दोन्ही बाजूंनी बघितला. "झकास अक्षर आहे, नंद्या," तो म्हणाला. "पण वजनावर हापूस घेतोस काय रे तू?" सगळे हसले. तो माझ्या पाठीवर थाप मारून हसला. त्याच्या मनात काहीच नव्हतं. माझ्या मनात तो तक्ता घडी घालून राहिला.

त्या काळात मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण आता सांगायलाच बसलोय. घरात कोणी नसताना मी माझा सबवूफर खुर्चीवर ठेवला आणि स्वतः रांगून बघितलं. सगळीकडे सारखंच ऐकू आलं. गुडघे तेवढे दुखले. तेवढ्यात बायको किल्लीने दार उघडून आत आली.

"काय हरवलंय?"

"चष्मा."

"तो नाकावर आहे," ती म्हणाली आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेली.

आणि गंमत अशी की या माणसाने जीव लावला तो मला. मी गप्प ऐकून घेतो म्हणून असेल. रविवारी सकाळी गच्चीवर आम्ही दोघं बसायचो. अशाच एका रविवारी त्याने मला सांगितलं की त्याचा उजवा कान अधूनमधून वाजतो, शिट्टीसारखा. डॉक्टरने सांगितलं होतं की गाळ्यातल्या आवाजाने थोडं नुकसान झालंय, फार नाही, पण जपा. "कोणाला बोलू नकोस हां," तो म्हणाला. "हात थरथरतो म्हणून सोनाराने सांगितलं तर कोण देईल त्याला सोनं?" मी म्हटलं, मी कशाला बोलू. आणि खरंच, मी कोणालाही बोललो नाही. जे केलं ते न बोलता केलं.

माझी मुलगी मुक्ता ध्वनिसंकलनाचं काम करते. गोष्टी वाचून रेकॉर्ड करतात ना, तशी पुस्तकं ती साफ करते, श्वास, खाकरणं, पानांची सळसळ काढून टाकते. अंधेरीच्या एका स्टुडिओचं काम ती घरूनच करायला लागली आणि तिला चांगले स्पीकर हवे झाले. टेबलावर मावतील असे छोटे, अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेले, आणि खालच्या आवाजासाठी एक सबवूफर. मी तीन आठवडे खपलो. आठ जोड्यांचा तक्ता केला, एका जोडीभोवती लाल चौकट आखली. मुक्ताने तो नीट वाचला. "छान केलंयस बाबा," ती म्हणाली. मग एक क्षण थांबून, "मी धुरीकाकांना घेऊन जाऊ का दुकानात?"

"जा की," मी म्हटलं. "मीही येतो."

मालाडच्या त्या दुकानात विक्रेत्याने आम्हाला बसवलं आणि सबवूफर असा काही वाढवून लावला की काउंटरवरच्या काचा थरथरल्या. "क्या बेस है ना सर!" धुरीने हात वर केला. "आधी ह्याचं तोंड बंद कर. घरात मोठा भाऊ ओरडत असताना धाकटी बोलते का गोड, ते कसं कळणार?" सबवूफर बंद झाला. मग त्याने माझ्या लाल चौकटीतली जोडी आणि दुसरी एक साधी, चार इंची कोनाची जोडी शेजारी मांडायला लावली. माझी जोडी ऐकताच भरदार वाटली. मी मुक्ताकडे बघितलं. धुरी उठला आणि माझ्या जोडीचा आवाज हळूहळू कमी करत दुसरीच्या बरोबरीला आणला.

"आता ऐक. जो जोरात बोलतो तो नेहमी खरा वाटतो, पोरी. आधी आवाज सारखे करायचे, मग न्याय."

आवाज सारखे झाल्यावर माझी जोडी नाकात बोलायला लागली. हे मलाही ऐकू आलं, म्हणून सांगतो. साध्या जोडीतून जत्रेतला म्हातारा असा खोकला की मुक्ता दचकून मागे बघायला लागली आणि मग ती आणि धुरी दोघंही खो खो हसत सुटले. ती असं माझ्यासोबत कधी हसली होती ते मी आठवून बघितलं. सापडलं नाही. ती साधी जोडी आणि एक सबवूफर घेऊन परतताना रिक्षात ती मध्ये बसली होती, पण सगळा वेळ तोंड त्याच्याकडे. मी माझ्या बाजूने बाहेर बघत आलो.

त्याने आमच्या घरी दोन तास रांगून सबवूफरची जागा ठरवली. सूर कुठे स्पीकरने सोडायचा आणि सबवूफरने उचलायचा ते बटण फिरवून फिरवून जुळवलं. "बास म्हणजे पाहुणा," तो तिला सांगत होता. "आला हे कळलं पाहिजे. पण घर त्याचं आहे असं वाटता कामा नये." शेवटी त्याने खिशातून पांढरी औषधी चिकटपट्टी काढली आणि सबवूफरच्या पाठीवरच्या सगळ्या बटणांवर आडवी चिकटवली. पेनने तारीख घातली. हा त्याचा नेम होता. ज्या घरी त्याने जुळवणी केली, त्या घरात ती पट्टी कोणी काढायची नाही. "पट्टी आहे तोवर जबाबदारी माझी," असं तो म्हणायचा. आणि लोक ती पाळायचे. देशमुखांकडे धूळ पुसणारी बाईसुद्धा पट्टीवरून हात फिरवायची नाही.

महिन्याभरात साकीनाक्याचा गाळा मालकाने विकायला काढला. धुरीचं काम संपलं. स्पीकर दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्या वयात दुसरं कोण ठेवणार? तेव्हा मुक्तानेच मार्ग काढला. अंधेरीच्या स्टुडिओत घरून काम करणारी तिच्यासारखी वीसेक मुलं होती, प्रत्येकाच्या घरी ऐकण्याची जागा नीट करून द्यायला त्यांना माणूस हवा होता. स्टुडिओच्या प्रमुख बाई शनिवारी दुपारी आमच्या घरी येऊन धुरीचं काम स्वतःच्या कानांनी ऐकणार होत्या. आवडलं तर काम त्याचं. धुरीने त्यासाठी नवा शर्ट शिवून घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी मुक्ता फोनवर त्या बाईंशी बोलत होती. दार उघडंच होतं. "नाही मॅडम, मी कोर्स केला, पण तिथे मशीन शिकवलं. ऐकायला मला काकांनी शिकवलं." तो कोर्स करायला मीच तिला दोन वर्षं घेऊन जात होतो. परत येईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहायचो. ती हे विसरली नव्हती, तिला फक्त ते त्या वाक्यात घालावंसं वाटलं नाही. मला हे तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

शनिवारी सकाळी मुक्ता खायला काहीतरी आणायला खाली गेली. बायको आंघोळीला. सबवूफरच्या पाठीला एक छोटं सरकतं बटण असतं. ते बरोबर बाजूला असलं की सबवूफर आणि स्पीकर एकदम श्वास घेतात. उलट्या बाजूला केलं की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि जिथे दोघांची हद्द मिळते तिथला आवाज दोघं मिळून खाऊन टाकतात. माणसाच्या आवाजातली छाती नाहीशी होते. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. नखाने पट्टीचं एक टोक उचललं, बटण सरकवलं, पट्टी होती तशी दाबून बसवली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मला फक्त त्या दुपारपुरती त्याची फजिती हवी होती. हे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण त्याच्या कानाची गोष्ट अख्ख्या मुंबईत डॉक्टर सोडून फक्त मला माहीत होती, आणि बटण सरकवताना ती मला आठवत होती. हेही खरं आहे.

बाई आल्या, शांतपणे बसल्या. त्यांनी आपल्या ओळखीच्या एका निवेदकाचं रेकॉर्डिंग लावलं. दोन मिनिटांत कपाळाला आठी. "आवाज पोकळ येतोय. ह्यांच्या आवाजाला पोट आहे, ते इथे गेलं कुठे?"

"काल तर छान होतं!" मुक्ता म्हणाली.

धुरी उठला. त्याने टाळी वाजवली नाही, काही नाही. सरळ सबवूफरमागे गेला, वाकून पट्टी बघितली. तारीख बघितली. पट्टीवरून अंगठा फिरवला. मी माझ्या जागी उभा होतो, आणि तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. मग तो परत येऊन स्पीकरसमोर बसला, डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या नव्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली दिसत होती.

"बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "पोकळ आहे."

"काका, पट्टी काढून बघा ना एकदा," मुक्ता म्हणाली.

"पट्टी मी लावलीय, पोरी. आहे तशी आहे. तुझ्या घरात कोण हात लावणार तिला?" तो अगदी हळू बोलत होता. "त्या दिवशी मला हे भरलेलं वाटलं. आज रिकामं वाटतंय. डबा तोच, खोली तीच. मग बदललं काय ते मला माहीत आहे." बाईंना नमस्कार करून तो म्हणाला, "तुमचा वेळ गेला, माफ करा. माझा कान आता धड राहिला नाही." आणि मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, संपलं. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कोणाला बोलला नाहीस, नंद्या. तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी मी बटण परत सरकवलं. आवाज पूर्ववत झाला. मुक्ताने धावत जाऊन त्याला सांगितलं, काका, चला, ऐका, सगळं ठीक आहे. त्याने ऐकलं नाही. "तू माझ्या कानाने ऐकतेस, पोरी. म्हणून तुला ठीक वाटतंय. आता स्वतःच्या कानाने ऐक." पंधरा दिवसांत त्याने खोली सोडली आणि मानखुर्दला बहिणीकडे राहायला गेला. तिथल्या एका टॉवरमध्ये रखवालदार झाला. सोसायटीत पुन्हा लोक मला विचारायला लागले. मी तक्ते करून देत होतो. एकही नीट झाला नाही.

दोन वर्षं गेली. मुक्ता त्याला फोन करायची, तो हवापाण्याचं बोलायचा. मग एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी काकांसाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. यंत्र लावून देतात हल्ली. मला हल्ली रोज स्टुडिओत जावं लागतं, सुट्टी नाही, तू नेशील त्यांना? तुझं ते ऐकतात." मी हो म्हटलं. त्याला न्यायला म्हणून मानखुर्दला गेलो.

तो बहिणीच्या घरी, गणवेशाच्या पँटवर बनियन घालून बसला होता. दोन्ही कानांत कापूस. बारीक झाला होता. बहीण चहा टाकायला आत गेली. त्याने माझं ऐकायला एका कानातला कापूस काढला, आणि मी सांगितलं. बटण, पट्टी, शुक्रवारचा फोन, सगळं. जमिनीकडे बघत सांगितलं. तो मारील, ओरडेल, याची तयारी करून गेलो होतो.

"थांब थांब," तो म्हणाला. "म्हणजे त्या दिवशी उलटां केलेलां होतां?"

"हो."

"आणि माका पोकळ वाटलां."

"हो."

"म्हणजे माझो कान बरो होतो?"

मी मान हलवली. तो उठून उभा राहिला. दुसऱ्या कानातला कापूस काढून टाकला. "अगो सुमन!" त्याने बहिणीला हाक मारली, आवाज चिरकला होता. "आयकलंस? माझो कान बरो होतो गो! मी बरोबर आयकललंय!" तो हसत होता आणि डोळे पुसत होता. बहीण चहाचं भांडं हातात घेऊन बाहेर आली, तिला काही कळेना. तो तिला बटणाचं समजावून सांगायला लागला, एक ढकलतो, दुसरा ओढतो, हातवारे करून, मी जणू तिथे नव्हतोच. समजावता समजावता मध्येच थांबला. दोन वर्षं म्हणजे किती, ते बहुतेक तेव्हा त्याच्या लक्षात आलं. दाराशी खुंटीला गणवेशाचा शर्ट टांगलेला होता, त्याकडे बघत राहिला.

"डॉक्टरकडे जायचं नाही आता," शेवटी तो म्हणाला. मालवणी गेली होती. "तू जा. पुन्हा येऊ नकोस, नंदू." त्याने मला नंदू म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी चपला घालत होतो तेव्हा तो म्हणाला, "मुक्ताला एक निरोप दे. म्हणावं, काकांचा कान चांगला आहे. बाकी तुला काय सांगायचं ते तुझं तू बघ."

बाकी न सांगता तो निरोप देता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मुक्ता संध्याकाळी कामावरून आली. मी तिला तेवढंच सांगितलं, काकांचा कान चांगला आहे.

"डॉक्टर म्हणाले?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

मी तिला सांगितलं. ती उभ्याउभ्याच ऐकत होती, खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. मी संपवल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, आणि मुलीने बापाकडे कसं बघू नये ते मला कळलं. मग ती आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि त्याला फोन लावला. मी दाराबाहेर उभा राहिलो. शब्द कळत नव्हते. ती आधी रडत होती, मग पलीकडून तो काहीतरी बोलला असावा, कारण ती रडता रडता हसली. खूप वेळ बोलत होते दोघं.

पश्चात्ताप झाला असं इथे लिहिता आलं असतं, आणि तो झालाही, पण नंतर. त्या दारापाशी उभं असताना मनात आधी आलं ते एवढंच, की माझ्याशी ती एवढा वेळ कधी बोललेली नाही.